निवळण तळं आहे म्हणजे झालं का?

नमस्कार. रेवेच्या खाणींमुळे पाणी बिघडतं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं : रेवेच्या खाणीत रसायन नाही, विष नाही, गोटे-वाळू नदीनंच आणून टाकलेली. माल धुतला की पाणी गढूळ होतं, ते निवळण तळ्यात, म्हणजे गाळ खाली बसवायच्या तळ्यात, सोडलं की दोन दिवसांत निवळतं, आणि मी उगाच बागुलबुवा उभा करतोय. शिवाय ‘घर बांधायला माल हवा आणि खाणवाल्याला नावंही ठेवायची’ हा टोमणा.

टोमण्याबद्दल एवढंच, की खाणी बंद करा असं मी कुठंही लिहिलेलं नाही. रसायनाबद्दल तुमचं बरंचसं पटतं. धातूंच्या काही खाणींतून जसं आम्लधर्मी पाणी झिरपतं, तसं स्वच्छ रेवेतून सहसा येत नाही.

पण ‘दोन दिवसांत निवळतं’ हे कोणत्या कणाबद्दल? संथ पाण्यात ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण एक मीटर खाली जायला जेमतेम दोन मिनिटं घेतो. ०.०१ मिलिमीटरचा गाळाचा कण तीन तास. आणि ०.००१ मिलिमीटरचा चिकणमातीचा कण? बारा-तेरा दिवस, तेही वारा नाही, लाट नाही असं धरून. कण दहापट बारीक झाला की बुडण्याचा वेग शंभरपट घटतो, त्यामुळे अंदाज असा फसतो. वर मातीच्या कणांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना ढकलत राहतात आणि गोळा होऊन बसायचं नाव घेत नाहीत.

आता तुमच्या तळ्याचा हिशोब करू. समजा सेकंदाला १०० लिटर पाणी येतंय. तो ०.०१ मिलिमीटरचा गाळ अडवायला साधारण ११०० चौरस मीटर पृष्ठभाग लागेल. चिकणमाती अडवायची तर ११ हेक्टर! इतकं मोठं तळं कोण बांधणार? आणि खड्डा खोल करून हे भागत नाही. कण अडतो तो पृष्ठभागाच्या हिशोबानं; खोली लागते ती बसलेला गाळ साठवायला आणि तो पुन्हा ढवळला जाऊ नये म्हणून. पाणी एका कोपऱ्यातून शिरून शेजारच्याच कोपऱ्यातून बाहेर पडत असेल, तर निम्मं तळं शोभेचं. अर्धं गाळानं भरलेलं तळं उपसायचं कोणाला आठवत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल.

तुरटी किंवा पॉलिमर घालून कण गोळा करता येतात, जरूर करा. मात्र धन भाराचे पॉलिमर माशांच्या कल्ल्यांना चिकटतात आणि मासे गुदमरतात. मात्रा चुकली की इलाजच अंगाशी येतो. त्यापेक्षा धुण्याचं पाणी बाहेर सोडूच नये, फिरवून पुन्हा धुण्यालाच वापरावं. आणि पावसाचं स्वच्छ पाणी खाणीत शिरण्याआधीच चर काढून बाजूनं वळवावं. जे पाणी गढूळच झालं नाही, त्याला तळं लागत नाही. माझ्या मते या धंद्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम हेच आहे.

हे झालं दिसणाऱ्या पाण्याचं. मला जास्त काळजी आहे ती खालच्या पाण्याची, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याबद्दल अवाक्षर नाही. रेवेच्या थरावरची माती हे भूजलाचं छप्पर असतं. तिच्यातले जिवाणू घाण कुजवतात, माती बरंच काही धरून ठेवते. तुम्ही माती काढता, मग रेव काढता, शेवटी पाणी उघडं पडतं. आता डिझेलची एक नळी फुटली, की भूजल आणि डिझेल यांच्यामध्ये काही उरत नाही. रेवेतून पाणी झपाट्यानं सरकतं, कधी दिवसाला काही मीटर. डिझेल वर तरंगत राहतं, पण त्यातले विरघळणारे घटक पाण्याबरोबर पुढच्या विहिरीकडे निघतात. म्हणून यंत्रात इंधन भरायचं ते खाणीच्या तळाशी नको. वर, पक्क्या फरशीवर, कडेला बांध घालून.

आणखी एक गोष्ट. भूजलाची पातळी उताराची असते, तुमच्या खड्ड्यातलं तळं मात्र सपाट. त्यामुळे वरच्या अंगाच्या विहिरींचं पाणी उतरतं आणि खालच्या अंगाला चढतं. वरच्या अंगाचा शेतकरी ‘खाणीनं पाणी ओढलं’ म्हणतो, तेव्हा तो दर वेळी खोटं बोलत नसतो. पुढं तो खड्डा बुजवायला कोणी राडारोडा आणि कचरा आणून टाकला, तर गाळाची चर्चा करण्यात अर्थच उरत नाही.

तुम्ही पुरावा मागितलात. रास्त आहे, पण तो खाणीकडेच असायला हवा : भूजलाच्या प्रवाहात खाणीच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला निदान एक निरीक्षण विहीर, आणि खोदाई सुरू होण्याआधीच्या वर्षभराच्या नोंदी. पातळी, गढूळपणा, तेलाचा अंश, नायट्रेट. आधीचे आकडे नसतील, तर ‘आमच्यामुळे काही झालं नाही’ हे तुम्हालाही सिद्ध करता येणार नाही. तुमच्या माहितीतल्या खाणीच्या अशा नोंदी असतील तर पाठवा. त्या माझ्या म्हणण्याविरुद्ध असल्या तरी मूळ लेखाखाली जशाच्या तशा जोडतो.