चिमटा होता, पण बर्फाखाली

काल एका पार्टीत काउंटरवरच्या पोराने आधी मोबाईलवर बोट फिरवलं, मग कान खाजवला आणि त्याच हाताने बर्फ उचलून ग्लासात टाकणार, तेवढ्यात मी ग्लास मागे घेतला. चिमटा होता हो! पण टबात बर्फाखाली दांड्यासकट गाडलेला, म्हणजे तो काढायला आधी कोपरापर्यंत हात घाला. त्याच टबात बाटल्याही थंड होत होत्या, सुटलेली लेबलं वर तरंगत होती. मी शक्य तितक्या नरम आवाजात म्हटलं, "जरा दुसरा बर्फ आहे का?"

पोरगा तोंड उघडायच्या आत मागून एक काका उगवले.

"अहो, थंडीत जंतू मरतात!"

"सगळे नाही मरत काका. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस, काविळीचा हिपॅटायटिस ए, हे फ्रीझरमधून सहीसलामत बाहेर येतात."

"मग दारूत मरतील."

"माझ्या ग्लासात नुसता सोडा आहे."

"मग दारू घ्या ना!"

सगळे खो खो हसले. मी तरी गप्प बसावं की नाही, पण सांगत सुटलो की हाताच्या सॅनिटायझरमध्येच 60 टक्क्यांच्या वर अल्कोहोल लागतं, पेगात सोडा नि बर्फ पडल्यावर उरतं कितीसं. काकांनी शांतपणे ऐकलं. "डॉक्टर आहात?" नाही. "मग?" या "मग"वर काय बोलायचं ते मला घरी येऊनही सुचलेलं नाही.

वर काकांनी प्रात्यक्षिक दाखवलं. आपला काचेचा ग्लास सरळ टबात बुडवून भरून घेतला, "बघा, लागला कुठे हात?" आता ग्लासाची कड उडाली तर बर्फात काच शोधणार कोण? अशा वेळी अख्खा टब रिकामा करून धुवावा लागतो. पण हे कुणाला सांगू? पोळीला कुणी असा हात लावला तर हेच लोक ताट सरकवतील, बर्फ मात्र यांच्या लेखी खाण्यात धरतच नाहीत, आणि बोलणारा तेवढा नाटकी!

शेवटी यजमान धावत आले, काय झालं ते न विचारताच ओरडले, "अरे यांना बर्फ देऊ नका रे, यांना चालत नाही!" मग काय, जेवण होईपर्यंत एकेक जण शेजारी येऊन हळूच विचारतोय, टॉन्सिल्स का, दात का, आणि एक बाई तर काढ्याची कृतीच सांगून गेल्या.