तलावाची मागची बाजू तशीच राहू द्या

नमस्कार काका,

मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत : शहरातला तलाव माणसांसाठी असतो, काठ दगडाने बांधा, झुडपं काढा, डास जातील, चालायला रस्ता होईल. पक्ष्यांना गोरेवाडा तलाव आहेच. आणि नागपूरचा फुटाळा तलाव ही पाणथळ जागा नाही, हे सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय.

शेवटचं आधी घेते, कारण ते बरोबर आहे. पिण्यासाठी, सिंचनासाठी माणसाने बांधलेले तलाव पाणथळ जागांच्या २०१७च्या नियमांतून मुळातच वगळलेत. पण मग नागपुरात उरतं काय? फुटाळा भोसलेकालीन, अंबाझरी १८७०चा, गोरेवाडा १९१२चा, सगळे बांधलेलेच. तुम्ही पक्ष्यांना जिथे पाठवताय तो गोरेवाडाही या व्याख्येत बसत नाही. माझी काळजी त्यामुळेच वाढते.

आता काठाचं. हिवाळ्यात एकदा सकाळी अंबाझरीच्या मागच्या उथळ बाजूला या, मी सोबत येते. तलवार बदकं शेपट्या आभाळाकडे करून डोकी पाण्यात खुपसतात. मान तळाच्या चिखलाला टेकेल तिथेच त्यांचं पोट भरतं, खोल बुडी मारून खाणारी ती जात नव्हे. ढोकरी, म्हणजे छोटा बगळा, घोटाभर पाण्यात कितीतरी वेळ जागची हलत नाही. तुतारी हा छोटा पक्षी ओला चिखल टोचत फिरतो. काठाला दगडी भिंत घातली की पहिल्या पावलाला पुरुषभर पाणी. तलाव भरलेला दिसतो, फोटोही छान येतो, पण या सगळ्यांचं ताट काढून घेतलेलं असतं. मग खोल बुडी मारणारे पाणकावळे तेवढे उरतात.

डासांचा त्रास खोटा नाही. जलपर्णीत डास होतात, ती मुळासकट काढलीच पाहिजे. पण ती सांडपाण्यावर पोसते. नाले वळवले नाहीत तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच. काठाला उगवणारं उंच पाणकणीस मात्र वेगळं. त्याच्या बुंध्याशी लहान मासे लपतात, चतुराची पिल्लं वाढतात, आणि डासांच्या अळ्या खातात ते हेच. जेसीबीने साफसफाई होते तेव्हा दोन्ही एकाच ट्रकमध्ये जातं, याचं मला फार वाईट वाटतं. भंडारा-गोंदियाकडे मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजातल्या बायांनी जुन्या मालगुजारांच्या काळातल्या तलावांत उतरून हाताने बेशरम हे माजलेलं झुडूप उपटलं आणि देशी पाणवनस्पती लावल्या. हे काम असं निवडून करावं लागतं.

चालायला मलाही हवं, काका. त्यासाठी अंबाझरीची पाळ आहे. तिथे बाकं, दिवे हवे तेवढे लावा. मागची बाजू तेवढी बांधू नका.