शंभराची रेघ ही लक्ष्मणरेषा नव्हे

‘वास्तव प्रभावी विनिमय दर, म्हणजे आरईईआर, १०० च्या वर गेला की चलन महाग, खाली आला की स्वस्त. तो घसरला की निर्यात वाढणारच. आणि एवढ्या खोलात जायचं नसेल तर डॉलरचा भाव बघा, तेच पुरे.’ अशा आशयाचा मजकूर एका आलेखासकट फिरतोय. आलेखाबद्दल तक्रार नाही, खालच्या भाष्याबद्दल आहे. आरईईआर म्हणजे व्यापारातल्या भागीदार देशांच्या चलनांच्या तुलनेत, त्यांच्या आणि आपल्या महागाईतला फरक धरून काढलेला चलनाच्या भावाचा निर्देशांक.

आधी १०० चं बघू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. हा आकडा समतोलाचा नाही, आधारवर्षाचा आहे, म्हणजे ज्या वर्षाची पातळी १०० धरून बाकीची वर्षं मोजतात त्याचा. मध्यवर्ती बँकांची बँक असलेली बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स हा निर्देशांक काढते; ती पूर्वी २०१० ला १०० धरायची, आता २०२० ला धरते. समजा, एखाद्या देशाचा निर्देशांक जुन्या आधारावर २०२० मध्ये ११२ होता आणि आज ११० आहे. म्हणजे चलन ‘महाग’. नव्या आधारावर तोच ९८ च्या आसपास येतो. झालं ‘स्वस्त’! प्रत्यक्षात काडीचाही फरक पडलेला नाही. त्यापेक्षा त्या देशाची दीर्घकाळची सरासरी बघावी, तीही जपून. उत्पादकता झपाट्याने वाढणाऱ्या देशात मजुरी आणि सेवांचे भाव चढतात, त्यांच्याबरोबर निर्देशांकही. बलासा आणि सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञांनी १९६४ मध्येच हे मांडलंय. त्याला फुगवटा म्हणणं म्हणजे वाढत्या मुलाला सूज आलीय म्हणण्यासारखं.

डॉलरचा भाव पुरेसा आहे का? येनचं उदाहरण घ्या. एप्रिल १९९५ मध्ये डॉलरला साधारण ८० येन पडत होते, ऑक्टोबर २०११ मध्ये ७६ च्याही खाली. डॉलरपुरता येन २०११ मध्येच जास्त तगडा. पण मधल्या काळात जपानमधले भाव जवळपास जागेवरच राहिले आणि अमेरिकेतले सुमारे दीडपट झाले. म्हणून आरईईआरच्या मापाने येन १९९५ च्या शिखरापासून बराच खाली आलेला होता.

राहिली निर्यात. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. पण निर्यातीच्या मालात आयात केलेले सुटे भाग असतील तर चलन घसरल्यावर तेही महागतात. शिवाय नेहमीच्या आरईईआरमध्ये ग्राहक किंमती धरतात. त्यात घरभाडं येतं, केस कापण्याची मजुरी येते. या गोष्टी कुणी जहाजात भरून पाठवत नाही. निर्यातदाराची ताकद जोखायची तर मालाच्या एका नगामागे किती मजुरी पडते, त्यावर बेतलेला निर्देशांक जास्त जवळचा. आणि एकाच देशाच्या या दोन रेघा कधीकधी विरुद्ध दिशांनाही जातात.