परकर पुण्यात, मी नागपुरात

विमानात हातातली बॅग 7 किलोचीच चालते. घरच्या काट्यावर माझी साडेआठ भरली, म्हणून मी आंघोळीला गेले असताना नवऱ्याने ती 'हलकी' केली. म्हणजे एक कापडी पिशवी काढून सोफ्यावर ठेवली. त्या पिशवीत माझे सगळे परकर होते. त्याचे लग्नात घालायचे बूट मात्र माझ्याच बॅगेतून नागपूरला पोचले, कारण त्याच्या बॅगेचा म्हणे आकार बिघडत होता.

हे उघडकीला आलं ते लग्नाच्या दिवशी सकाळी. सीताबर्डीची दुकानं उघडायला अजून अवकाश होता. वधूपक्षाच्या खोलीत मी बॅग उपसत बसले होते, तेवढ्यात दारात मोठी आई उभी राहिली. विदर्भात मोठ्या काकूला मोठी आई म्हणतात. ही नवरीची की नवरीच्या बाबांची, ते मला शेवटपर्यंत कोणी नीट सांगितलं नाही.

"काय शोधून राहिली वं?"

"परकर राहिला, मोठी आई."

"कुठी?"

"पुण्याला."

"बाप्पा! पुण्याले!" असं म्हणून तिने गादीवर बैठकच मारली. "आमच्या सासूनं जल्मभर नऊवारी नेसली. तिले कोणता परकर लागला? काष्टा मारला का झालं काम. हे पाचवारीचं खूळ आलं अन् तुमचे हाल सुरू झाले."

"पण माझ्याकडे पाचवारीच आहे."

"थेच तं म्हणून राहिली मी."

मग तिने उपाय सुचवले. पहिला, नवऱ्याचा पायजमा. तो त्याच्या अंगावर होता आणि नवरा नवरदेवाच्या स्वागताला फाटकावर. "त्याले काय, पँट घालंल," मोठी आई म्हणाली. मला तो उपाय मनापासून पटला होता, पण तो फोन उचलेना. दुसरा उपाय खिडकीचा पडदा. तिने तो हाताने चाचपूनही पाहिला आणि "पातळ आहे," म्हणून नामंजूर केला. तिसरा उपाय न सुचवताच अमलात आणला: बाहेर जाऊन भरल्या हॉलमध्ये, सनईच्या वर आवाज चढवून, "अवं, त्या पुण्याच्या बाईपाशी परकर नाही! कोणापाशी आहे का जास्तीचा?"

हॉलमधल्या पुरुषांनीही वळून पाहिलं. एकाने तर हात वर केला. तो का, हे मी अजून विचारात आहे.

शेवटी तिने स्वतःचाच काढून दिला. माझी साडी शेवाळी, परकर राणी रंगाचा. मोठी आई माझ्या खांद्याला लागते, त्यामुळे तो पोटरीवरच संपला. नाडी जेमतेम गाठीपुरती उरली. त्यात मे महिना, आणि हॉलच्या चारही कोपऱ्यांत दार उघडल्यावर माणूस मागे सरकेल इतक्या ताकदीचे कूलर. मंगलाष्टकांना मी नेमकी एकाच्या समोर सापडले. एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात निऱ्या. 'सावधान' हा शब्द मी तरी त्या दिवशी अक्षरशः पाळला.

'कमी सामान घेऊन फिरावं' हा उपदेश मला नेहमी कोण करतं, तर ज्याचं लग्नातलं सगळं सोंग एका झब्ब्यात आटोपतं तो. माझ्या बॅगेत आहेराच्या साड्या होत्या, सासूबाईंनी दिलेली चांदीची वाटी होती, पोराचं क्रोसिन होतं, नवऱ्याच्या दाढीचं सामान होतं. यातलं 'माझं' किती होतं? आणि वजन कमी करायची वेळ आली की नेमकं तेच कसं निघतं? हे मी त्याला परतीच्या वाटेवर विचारलं. तो म्हणाला, "पण निभावलं ना?"

निभावलं. पंगतीत वडाभात वाढणाऱ्या, पूर्वी कधीही न पाहिलेल्या बाई माझ्यापाशी थांबल्या, तेलाची पळी तशीच हवेत धरली आणि प्रेमाने म्हणाल्या, "परकरवाल्या तुम्हीच काय?" शेजारी नवरा चकाकत्या बुटांत बसला होता. त्याला त्यांनी नुसतं "जावईबापू, अजून घ्या," म्हटलं.