असले लोक

सकाळी दूध आणायला गेलो आणि डोकं फिरवून घेऊन आलो. पिशवी अजून ओट्यावर तशीच पडलीय, बायको दोनदा बोलून गेली. नासलं तर नासू दे. आधी हे लिहितो. पोस्ट लांबणार आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी पुढं जावं, राग नाही.

लातुरात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक छोटं समुपदेशन केंद्र आहे. तीन खोल्या, पुढं अंगण, अंगणात कडुलिंब. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. तिथले घरमालक दुधाच्या दुकानापाशी भेटले आणि पाऊस-पाण्याचं बोलावं तसं सहज म्हणाले, "दिवाळीपर्यंत खाली करा मनून सांगितलं त्यांना. मानसं वाईट नाहीत हो ती. पण येनारे असले लोक... गल्लीत लेकीबाळी हैत."

असले लोक.

म्हटलं, असले म्हणजे कसले? तर म्हणाले, "तुम्हाला कळायलंय की."

नाही कळालं मला. कारण असल्या लोकांत माझा बाप आहे.

मित्रयादीतल्या जुन्या लोकांना आण्णा माहीत आहेत. नव्यांसाठी थोडक्यात. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे तीन छप्पन्न. गणपती विसर्जन करून गाव नुकतं आडवं झालं होतं. किल्लारीच्या भूकंपाच्या पट्ट्यातलं आमचं गाव, दगडमातीचं घर, वर माळवद. उन्हाळ्यात ज्याच्या गारव्याचं आपण कौतुक करायचो ते माळवद, त्यावरची सगळी माती, आमच्या अंगावर आली. मी नऊ वर्षांचा होतो. मला आण्णांनी हातानं उकरून काढलं. धाकटी बहीण त्यांना दुपारी सापडली.

त्या दिवसापासून आण्णा छताखाली झोपले नाहीत. आधी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढले, तिथंही बाज बाहेर. मग पुनर्वसनात पक्कं घर मिळालं, भूकंपाला दाद न देणारं, तसं सरकारी साहेबांनी दहादा समजावलं. आण्णा आत जेवायला जायचे, तेही उंबऱ्याकडं तोंड करून. नंतर मी लातुरात घर बांधलं, स्लॅबचं, कर्ज काढून. आण्णांची बाज अंगणात. पावसाळ्यात वर पत्रा, थंडीत दोन घोंगड्या. तीस वर्षं पाहुणे हसले. "म्हातारा राखण करायलाय का?" मीही हसायचो, कारण चारचौघांत दुसरं काय करणार.

गंडेदोरे झाले, अंगारा झाला. एका मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी आण्णांकडं बघायच्या आधी आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला होतं तेही विचारलं. भूकंपात जे गाव मुळापासून गेलं, त्यात आमचं घर कुठल्या बाजूला होतं याच्याशी झोपेचा काय संबंध, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. पाच मिनिटांत गोळी लिहून दिली. आण्णांनी ती घेतली, बाहेर, बाजेवर झोपून.

तर या केंद्रात दोन वर्षांपूर्वी घेऊन गेलो. आण्णा दारातच थांबले. "मला हितं बसवना." मला तर लाजेनं मेल्यासारखं झालं, दंडाला धरून आत ओढणार होतो. तेवढ्यात आतून एक बाई आल्या. उदगीरकडच्या आहेत, एका वाक्यात मराठी, दखनी आणि कन्नड असा सगळा बाजार भरवतात. त्यांनी आण्णांकडं बघितलं, वर स्लॅबकडं बघितलं, आणि काही न बोलता प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या लिंबाखाली नेऊन टाकल्या. एका खुर्चीचा हात तुटलेला होता. ती स्वतःला घेतली.

पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. सत्तर वर्षांत त्यांना कुणाचा रे तू, आडनाव काय, कुठल्या आळीतला, हेच विचारलं गेलं होतं. हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आण्णा म्हना."

त्यांच्या फॉर्मवर आडनावाचा रकानाच नाही. जात-धर्माचा तर नाहीच. लिंग म्हणून आहे, पण समोर चौकोन नाहीत, नुसती मोकळी रेघ. आण्णांनी विचारलं, हे काय? बाईंनी सांगितलं, प्रत्येकानं आपापलं लिहायचं. आण्णा खळखळून हसले आणि मला म्हणाले, "लिही, गडी मानूस." तसंच लिहिलंय. आजही फाइलला तसंच असेल.

आता घरमालकांच्या 'असल्या' लोकांकडं येतो. त्यांचं खरं दुखणं तिथल्या तरुण समुपदेशकाबद्दल आहे, हे मला माहितेय आणि त्यांनाही माहितेय की मला माहितेय. तो पोरगा जन्मला तेव्हा घरच्यांनी मुलगी म्हणून पेढे... खरं तर बर्फी वाटली होती (हे तो स्वतःच हसत सांगतो). आज तो मुलगा आहे. भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून, वेळेवर कामावर येतो, जे माझ्या ऑफिसातल्या निम्म्या 'खऱ्या' पुरुषांना जमत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2014 सालीच सांगितलंय की आपली लिंगओळख ठरवायचा हक्क ज्याचा त्याला. एवढी वर्षं झाली, आमच्या गल्लीत अजून टपाल पोचायचंय.

त्याच्याकडं कोण येतं? क्लासेसची पोरं येतात. लातूर पॅटर्नचे फ्लेक्स आपण चौकाचौकात लावतो, पण ज्याला नीटमध्ये मार्क कमी पडले आणि जो होस्टेलच्या खोलीत चार दिवस जेवला नाही, त्याचा फ्लेक्स कुठं असतो? दोन पोरं एकमेकांवर जीव लावून बसलेली येतात, बरोबरच येतात, चप्पल शेजारी शेजारी काढतात. 377 चं ते कलम 6 सप्टेंबर 2018 ला कोर्टानं त्यांच्यापुरतं मोडीत काढलं, गुन्हा नाही म्हणून सांगितलं. गुन्हा नाही, पण गल्लीत चप्पल काढायला जागाही नाही.

एकदा मी अंगणात आण्णांची वाट बघत बसलो होतो. एक बाप पोराला घेऊन आला आणि दारातूनच ओरडायला लागला, "ह्याला सरळ करून द्या, कितीबी पैसे घ्या." (आतलं तिथं कधी बाहेर येत नाही, हा माणूस अंगणात ओरडत होता म्हणून मला ऐकू आलं.) पोरगा खाली मान घालून उभा. त्या तरुण समुपदेशकानं सांगितलं, "काका, ते आम्ही करत नाही. तसं कुणालाच करता येत नाही. तुम्ही बसा, पाणी प्या." 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असले 'बदलून देण्याचे' उपचार म्हणजे डॉक्टरांचं गैरवर्तन असं स्पष्ट सांगितलंय, तरी आपल्याकडं शॉक देतो म्हणणारे आणि लग्न लावा सुटेल म्हणणारे कमी नाहीत. तो बाप पाणी प्यायला आणि मग रडायला लागला. अंगणात, सगळ्यांसमोर. घरमालकांची ही पण तक्रार आहे बरं का. "लोक अंगणात बसून रडायलेत, बरं दिसत नाही." मग कुठं रडावं माणसानं? आपल्याकडं रडायला मयत लागते, आणि गड्याला तर तेही चालत नाही.

तिथल्या तिसऱ्या समुपदेशक एक वयस्क बाई आहेत, आठवड्यातून एकदाच येतात. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांत त्यांनी उभं आयुष्य काढलंय. 2019 ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा सगळ्या महाराष्ट्रानं हळहळ केली. त्यानंतर त्या बायकांना झोप लागते का, हे विचारायला कोण गेलं? एवढंच लिहितो, कारण त्यांच्या कामावर लिहायला माझी ऐपत नाही.

(मध्ये चुलतभावाचा फोन आला होता. "तू कशाला यात पडतोस, लोक तुझ्याबद्दल बोलतील." बोलू देत. आण्णांच्या बाजेबद्दल तीस वर्षं बोललेच की.)

हां, आता काही जण कमेंटमध्ये सांगणारच, तर मीच सांगून टाकतो. ते डॉक्टर नाहीत. गोळ्या लिहीत नाहीत, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडं पाठवतात, तसा कागदच भिंतीवर चिकटवलाय. आणि हेही खरं की या धंद्यात चार महिन्यांचा कोर्स करून कुणीही पाटी लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, पण नुसतं 'समुपदेशक' म्हणवून घ्यायला प्रत्यक्षात अडवणारं कुणी दिसत नाही. मान्य. म्हणून तर जे नीट शिकून बसलेत, दर महिन्याला आपल्या वरिष्ठांसमोर बसून स्वतःच्या कामाची झाडाझडती करून घेतात, त्यांना हाकलायचं का?

फीबद्दलही लोक बोलतात. पाचशे रुपये घेतात. सोयाबीनचा भाव बघता पाचशे थोडे नाहीत. पण ज्याला जमत नाही त्यानं स्वतःचा आकडा स्वतः लिहायचा, कारण विचारत नाहीत. आण्णांनी मला देऊ दिले नाहीत. स्वतः पन्नास लिहिले आणि दर बुधवारी कोपरीच्या खिशातून घडी केलेली नोट काढून अशी द्यायचे की जणू कारखान्याचं बिल चुकतं करायलेत.

एका गोष्टीचा मलाही राग आला होता. आण्णांनी त्या बाईंना घरी जेवायला बोलावलं, हुरड्याचे दिवस होते. त्या आल्या नाहीत. म्हणाल्या, आण्णा, मी तुमच्याकडं जेवले तर बुधवारी तुम्ही मला पाहुणी समजून गोड गोड बोलाल. आण्णा दोन दिवस धुसफुसत होते. आपल्याकडं घरचं अन्न कुणी नाकारलं की मनात एकच शंका येते, आणि ती काय असते ते मी लिहायला नको. पुढच्या बुधवारी आण्णांनी ती शंका तोंडावर बोलून दाखवली. बाई चिडल्या नाहीत. आण्णांचा पाण्याचा तांब्या उचलला, घटाघटा प्यायल्या आणि म्हणाल्या, "आता बोला." मला अजूनही वाटतं की यायला पाहिजे होतं. एवढं काय बिघडलं असतं. असो.

आता तुम्ही विचाराल, आण्णा आत झोपायला लागले का?

नाही.

सहाव्या-सातव्या बुधवारी मीच बाईंना विचारलं, मॅडम, फरक कधी पडणार? त्यांनी आण्णांना विचारलं, "आण्णा, बाहेर झोपायचा तुम्हाला त्रास काय होतो?" आण्णा म्हणाले, "मला कायबी नाही." आणि माझ्याकडं बोट केलं. "त्रास ह्याला हाय."

बाईंनी मग आतून तिसरी खुर्ची आणली. माझ्यासाठी.

त्या खुर्चीवर बसून मी काय बोललो ते इथं लिहिणार नाही. एवढंच सांगतो की बहिणीच्या पायात चाळ होते, हे मी विसरलो होतो. आण्णा विसरले नव्हते. ढिगाऱ्यातून त्यांना आधी ते ऐकू आले होते. पहाटे. आणि माती उपसताना कधीतरी ते बंद झाले. तीस वर्षं हा माणूस बाहेर का झोपायचा, तर छत पडेल म्हणून नाही. आत झोपलं तर आवाज येणार नाही म्हणून. हे तीस वर्षांत आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही सांगत होतो, स्लॅब पक्का आहे.

हे त्या अंगणात झालं. जे दिवाळीला रिकामं होणार आहे.

कायद्याचं म्हणाल तर 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्याच्या कलम 18 मध्ये लिंग, लैंगिकता, धर्म, जात, वर्ग, अपंगत्व, कशावरूनही भेद न करता उपचार मिळाले पाहिजेत असं लिहिलंय. सकाळी मी हे घरमालकांना ऐकवलं. ते म्हणाले, "ते सरकारी दवाखान्याला. माझं घर हाय." बरोबर आहे त्यांचं, तो हक्क सरकारी सेवेपुरताच मागता येतो. माणूस वकिलाचा बाप आहे, मीच विसरलो.

आणि खरं सांगू का, हा माणूस वाईट नाही. पहिले तीन महिने त्यांनी या लोकांकडून भाडं घेतलं नव्हतं. लिंब तोडा म्हणून शेजाऱ्यांनी वर्षभर भंडावलं, त्यांनी तोडू दिला नाही. कुणीतरी कान भरलेत, आणि लेकीची सोयरीक चाललीय, पाहुणे बघायला यायचेत. सोयरिकीच्या वेळी आपण सगळेच जरा कमी माणूस होतो. पण म्हणून मी गप्प बसू? मी दूध घेऊन हसत घरी आलो आज, हेच मला सहन होईना. त्यांच्यासमोर बोलायला पाहिजे होतं की काका, असल्या लोकांत मीही आहे, तिसरी खुर्ची माझी आहे. नाही बोललो. म्हणून इथं लिहितोय, आणि ते माझ्या मित्रयादीत आहेत. वाचतीलच.

आण्णांना दुपारी सांगितलं. बाजेवर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "मग आपल्या अंगनात टाका की खुर्च्या. जागा लई हाय." आता यांना कसं सांगू की त्या बाई जेवायला आल्या नाहीत, दुकान मांडायला कशा येतील. तरी उद्या बुधवार आहे. आण्णा म्हणालेत मी स्वतः विचारतो.

तर कुणाच्या पाहण्यात असेल तर कळवा. औसा रोड, बार्शी रोड, कुठंही चालेल. दोन-तीन खोल्या, तळमजला (जिने नकोत, व्हीलचेअरवर येणारे आहेत), पुढं थोडी मोकळी जागा. भाडं आठ-नऊ हजारांपर्यंत. घरमालकाला आधीच सगळं सांगून ठेवायचं, लपवाछपवी नको असं त्यांचंच म्हणणं आहे. इनबॉक्स करा.

झाड असेल तर बरं.