सीतादेवी सयाजीरावांची राणी नव्हती हो!

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, की सयाजीरावांची राणी सीतादेवी बडोद्याचे दागिने घेऊन एकटीच परदेशात पळाली आणि मोत्यांचा गालिचा इंग्रजांनी लाटला. अहो, सयाजीराव वारले १९३९ ला, हिचं लग्न १९४३ चं, तेही त्यांच्या नातवाशी, प्रतापसिंहरावांशी! दोघांचीही आधीची लग्नं झालेली, पिठापुरमच्या या राजकन्येने पहिला नवरा सोडायला धर्म बदलला, म्हणजे भानगड होतीच, ती कोण नाकारतंय? पण मोनॅकोत बिऱ्हाड थाटून दिलं ते खुद्द महाराजांनी, त्यांची गादी गेली १९५१ ला, घटस्फोट १९५६ चा.

गालिचा सयाजीरावांच्या आधीचे बडोद्याचे महाराज खंडेरावांनी बनवून घेतलेला, मदिनेला अर्पण करायला. २००९ मध्ये दोहाला लिलावात पंचावन्न लाख डॉलरच्या आसपास गेला, इंग्रजांचा काय संबंध?

पैंजणांचा किस्सा मात्र भारी आहे. तिने विकलेल्या पैंजणांचे पाचू-हिरे अमेरिकन जवाहिऱ्या हॅरी विन्स्टनने हारात बसवले, तो घेतला डचेस ऑफ विंडसरने, म्हणजे गादी सोडलेल्या इंग्लंडच्या आठव्या एडवर्डच्या बायकोने, आणि न्यूयॉर्कच्या पार्टीत सगळे कौतुक करत असताना सीतादेवी सरळ म्हणाली, हे तर माझ्या पायात होते. डचेसबाईंनी हार परत केला.