वर्गाचा ग्रुप आणि हरवलेली फाइल

‘सर, ती फाइल परत टाका ना’ हा मेसेज दर दोन दिवसांनी येत असेल, तर त्या ग्रुपवर वर्ग चालवणं थांबवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. चॅट ग्रुप सूचनेपुरता ठीक. ‘उद्या तास नाही’, विषय संपला. पण गृहपाठ, नोट्स, शंका आणि वाढदिवसाचे केक एकाच धारेत वाहू लागले की मंगळवारची फाइल शुक्रवारी कुणाला सापडत नाही.

यावरचे उपाय जुनेच आहेत. वर्गाच्या फाइली, गृहपाठ आणि सूचना एका जागी ठेवणारं मूडल हे सॉफ्टवेअर २००२ पासून आहे, तेही मोफत आणि मुक्त स्रोत. त्याच कामाचं गूगल क्लासरूम २०१४ मध्ये आलं. दोन्हींपैकी काहीही घ्या, पण जागा एकच ठेवा. क्लासरूममध्ये फाइल जोडताना एक पर्याय मात्र डोळे उघडे ठेवून निवडायचा: ‘प्रत्येकासाठी वेगळी प्रत’ की ‘सगळ्यांना बदल करू द्या’. दुसरा चुकून निवडला, तर अख्खा वर्ग एकाच उत्तरपत्रिकेवर तुटून पडतो. (मुलांना हा प्रकार फार आवडतो, हे वेगळं सांगायला नको.)

गटकामात मात्र हाच दुसरा पर्याय हवा. चौघांचा एक गट, एक सामायिक डॉक्युमेंट. गटकामाची जुनी तक्रार म्हणजे एकाने राबायचं आणि चौघांनी मार्क घ्यायचे. डॉक्युमेंटच्या आवृत्ती-इतिहासात कुणी काय आणि कधी लिहिलं ते दिसतं, म्हणून अनेक शिक्षक त्यावरून थेट मार्क देतात. मला हे पटत नाही. एकाच फोनवर चौघं बसली, तिघांनी विचार केला आणि एकाने टाइप केलं, तर इतिहासात नाव एकाचंच. वहीत लिहून शेवटी एकदम उतरवणारी मुलगी तिथे दहा मिनिटांचं काम केल्यासारखी दिसते. इतिहास बघावा, पण तो बघून मुलांशी बोलावं. आणि खरं सहकार्य दिसतं ते कॉमेंटमध्ये: ‘हे उदाहरण इथे बसत नाही’ असं एकाने लिहिलं आणि दुसऱ्याने परिच्छेद बदलला, तर मार्क तिथे द्या. त्यासाठी एकमेकांचं लिखाण थेट न बदलता ‘सजेशन’ मोडमध्ये सुचवायचं, एवढा नियम पहिल्याच दिवशी घालावा.

साधनांवर जीव जडवू नका, हेही सांगतो. गूगलचा जॅमबोर्ड कितीतरी वर्गांत फळ्यासारखा वापरात होता. २०२४ अखेर तो बंद झाला. सत्र संपलं की मुलांचं काम पीडीएफ करून स्वतःकडे उतरवून घ्या.